जुनी सायकल भंगारात द्यायची का?

मागच्या अंकात कामावर सायकलने जाणाऱ्यांसाठी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. एका पत्राला भरपूर जागा दिली आहे, कारण इतरांचे निम्मे प्रश्न त्यातच येऊन जातात. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की माझी सगळी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात गेली आणि त्यातली २६ वर्षं मी रोज सायकलने गेले. दोन्ही सवयींमुळे मोजल्याशिवाय मला काही पटत नाही.

प्रश्न : वडिलांची उंच, काळी, सळीच्या ब्रेकची २८ इंची सायकल बारा वर्षं घरात पडून आहे. ऑफिस ११ किलोमीटरवर. वाटेत एक मोठा पूल चढावा लागतो. सोबत लॅपटॉप आणि कपड्यांचा एक जोड असतो. मला हीच सायकल नीट करून वापरायची इच्छा आहे. सायकलवाला म्हणतो, "हिच्यात पैसे घालू नका, भंगारात द्या आणि गिअरची नवी घ्या." काय करू?

उत्तर : सायकलवाल्यावर रागावू नका. जुन्या सायकलीत किती वेळ जातो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण फ्रेमला हात न लावताच त्याने निकाल देऊन टाकलेला दिसतो. सायकलीत भंगार ठरू शकते ती फ्रेम. बाकी सगळं बदलता येतं. तेव्हा आधी फ्रेम बघू.

त्याच्याही आधी एक गोष्ट. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, टाचा जमिनीला टेकवून उभे राहा. दांडी आणि तुमच्यामध्ये दोन-तीन बोटं जागा हवी. वडील तुमच्यापेक्षा बरेच उंच असतील तर प्रकरण इथेच संपेल. सीट कितीही खाली घेतली तरी दांडी खाली येत नाही. सिग्नलला झटक्यात पाय टेकवता आला नाही, तर ती सायकल तुमची नाही, मग आठवणी कितीही असोत.

जागा असेल तर चाकं काढा. ताणला न जाणारा पक्का दोरा घ्या. मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो, तिथे दोऱ्याचं एक टोक बांधा. दोरा पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि परत आणून दुसऱ्या बाजूच्या खाचेत ताठ बांधा. आता सीटखालच्या उभ्या नळीपासून डावीकडचा दोरा किती दूर आहे आणि उजवीकडचा किती, ते पट्टीने मोजा. दोन्ही अंतरं सारखी आली तर मागचा भाग सरळ आहे. एखादा मिलिमीटर फरक मी सोडून देते. तीन-चार मिलिमीटर निघाला तर फ्रेम पिळलेली आहे, आणि ती सरळ करणारा हात मिळणं दुर्मीळ.

मग डोळे मिटा. खरंच मिटा. हँडलखालच्या नळीला जिथे दोन दांड्या येऊन मिळतात, तिथे खालच्या दांडीच्या पोटावरून बोट फिरवा. रंगाखाली बारीक लाट किंवा सुरकुती लागली, तर ही सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. काळ्या रंगावर ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटाही बाजूने बघा. वरून सरळ येऊन खाली पुढे वळायला हवा. मध्येच मागे दबलेला असेल तर तो बदलायचा.

सीटची नळी हलते का? बारा वर्षांत ती गंजून आत घट्ट धरली असेल. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवा आणि सीट धरून डावीउजवीकडे पिळा. वर ओढू नका, पिळा. दोन-तीन दिवस द्यायची तयारी ठेवा.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तर माझं मत स्पष्ट आहे : ठेवा. फक्त आहे तशी चकचकीत करू नका. पुढच्या दोन गोष्टी बदलल्याशिवाय ही सायकल रोजच्या ११ किलोमीटरची होणार नाही.

पहिली गोष्ट ब्रेक. सळीच्या ब्रेकचे रबर रिमला आतल्या बाजूने वर ओढले जातात आणि जुनी रिम असते लोखंडी, चकचकीत मुलामा दिलेली. कोरड्या दिवशी काम भागतं. पाऊस पडला, की ब्रेक दाबल्यावर आधी रिम पुसली जाते, मग सायकल थांबायचा विचार करते. पुलावरून उतरताना तो विचार फार लांबतो. रबर कितीही चांगले घाला, ओल्या लोखंडी रिमवर फरक थोडाच पडतो. अॅल्युमिनियमच्या रिमवर तोच रबर पावसात कितीतरी बरा धरतो.

मग रिम बदलू या म्हणून लोक धावतात आणि मी फसले तिथेच फसतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ४०-६३५. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तुमच्यासारख्या जुन्या उंच सायकलीचा व्यास बहुधा ६३५ असतो. हल्लीच्या बहुतेक ऑफिस-सायकलींचा ६२२. आणि गंमत अशी, की इंचांच्या भाषेत दोघांनाही २८ म्हणतात. मी एकदा "२८चा टायर" एवढंच सांगून टायर आणला. दीड तास तो रिमवर चढवायचा खटाटोप केला, टायर काढायची एक पट्टी मोडली, अंगठ्याची कातडी गेली. नंतर चष्मा लावून आकडे वाचले. १३ मिलिमीटरने लहान टायर जगातला कोणीही पहिलवान चढवू शकत नाही. तेव्हापासून मी इंच विचारतच नाही.

६२२ची चाकं टाकलीत तर रिमची कड चाकाच्या मध्याकडे साडेसहा मिलिमीटर आत सरकते. म्हणजे लांब हाताचे कॅलिपर ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेक, लागतील, आणि चिमट्यात ते बसवायला भोक आहे का, तेही बघावं लागेल. नसेल तर नवा चिमटा. इथे माझी आवड वेगळी आहे. पुढच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब घ्या. हब म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, ज्याला आरे जोडलेले असतात. त्यातले ब्रेक शू हबच्या पोटात असतात, रिमला शिवतच नाहीत. रिम ओली असो, चिखलाची असो, थोडी आउट असो, त्याला पर्वा नसते. फक्त त्याची एक पट्टी चिमट्याला घट्ट आवळून बसवावी लागते, नाहीतर ब्रेक दाबल्यावर हबचं झाकणच फिरेल. पुढचंच चाक का? ब्रेक लागला की तुमचं वजन पुढे झेपावतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसतं घसरतं. खरं थांबवण्याचं काम पुढचा ब्रेक करतो. तो दाबला की माणूस हँडलवरून उडतो, ही भीती हात झटक्यात आवळणाऱ्यांसाठी खरी आहे. पण हळूहळू दाब वाढवायचा सराव रिकाम्या मैदानात अर्ध्या तासात होतो. मागचे सळीचे ब्रेक राहू द्या. जोडीला चालतील.

हब घेण्याआधी आऱ्यांची भोकं मोजा. जुन्या उंच सायकलींपैकी अनेकींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. आजचे हब सर्रास ३६चे मिळतात. ३६चा हब ३२च्या रिमला जोडता येत नाही. म्हणजे हबबरोबर रिमही आली, आणि रिम आली की अॅल्युमिनियमचीच घ्या. चिमट्याच्या दोन पायांमधलं आतलं अंतरही मोजून न्या. आजच्या पुढच्या हबना बहुतेक वेळा १०० मिलिमीटर लागतात, जुने चिमटे त्याहून अरुंद असतात. लोखंड थोडं ताणून घेता येतं. अॅल्युमिनियमची फ्रेम अशी कधीही ताणू नये.

दुसरी गोष्ट पूल. तुमच्या पत्रात तो एका वाक्यात आला आहे, पण रोज सकाळी तो तुम्हाला पूर्ण वाक्यात भेटणार आहे. पुढच्या चक्राचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दात मोजा. समजा पुढे ४४ आणि मागे १८ निघाले. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक २.४४ वेळा फिरतं. ६३५च्या रिमवर ३८चा टायर असेल तर चाकाचा घेर साधारण २.२३ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर ताशी १९-२० किलोमीटर. सपाट रस्त्यावर छान. पुलावर गुडघे तुमचं नाव घेतील.

सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे मागे २२ दातांचं फ्रीव्हील. मग एका फेऱ्यात ४.४७ मीटर, त्याच ६० फेऱ्यांना ताशी १६. चेन थोडी लांब करावी लागेल, बाकी काही नाही. ११ किलोमीटरला सात मिनिटं जास्त लागतील आणि पूल बसून चढता येईल. आधी हेच करा आणि महिनाभर चालवा.

तरीही कमी वाटलं, तर मागच्या हबच्या पोटात तीन गिअर असलेलं चाक बांधून घ्या. ही काही नवी चैन नाही. तीन गिअरचे हब विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून मिळतात आणि अशाच काळ्या सायकलींना बसवले जात होते. नेहमीच्या रचनेत मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा एकतृतीयांशाने जास्त. ४४-२२वर बसवला तर एका फेऱ्यात ३.३५, ४.४७ आणि ५.९६ मीटर. पूल, रोजचा रस्ता आणि पाठीवर वारा, असे तीन दिवस तीन गिअरमध्ये बसतात. बाहेर लोंबणारं काही नसल्यामुळे चेनचा डबा तसाच राहतो, पँटला काळं लागत नाही. आणि सिग्नलला उभ्याउभ्या गिअर बदलता येतो. बाहेरच्या गिअरना त्यासाठी पायडल फिरावं लागतं. ऑफिसच्या रस्त्यावर, जिथे दर पाचशे मीटरला थांबायचं असतं, तिथे मला हा गुण २१ गिअरांपेक्षा मोठा वाटतो.

खोललीच आहे तर पायडलच्या मधला एक्सल साफ करून, छर्रे बदलून, ताजं ग्रीस भरून घ्या. इथे लोक सायकलीची वाट लावतात, म्हणून जवळून सांगते. पायडलचा दांडा एक्सलवर एका तिरक्या पिनेने, कॉटरने, घट्ट बसलेला असतो. तो ठोकून काढताना बहुतेक जण दांडा अधांतरी ठेवून हातोडीचे दहा-बारा हलके घाव घालतात. पिन हलत नाही, तिचं टोक फुलतं, आणि प्रत्येक घाव आतल्या छर्ऱ्यांवर जातो. वाटीत खड्डे पडतात आणि पुढे सायकल फेऱ्याफेऱ्याला कट्‌ कट्‌ करते. त्याऐवजी लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा करून त्याचं तोंड दांड्याखाली टेकवा, पिन पाइपच्या पोकळीत उतरेल अशा बेताने. नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाशी सपाट येईल एवढाच सैल करा, म्हणजे आटे वाचतात. मग जड हातोडीचा एकच, मनापासून घातलेला घाव. बहुधा दुसरा लागत नाही. नवा कॉटर बसवल्यावर वीसेक किलोमीटर चालवून नट परत आवळा, तो हमखास थोडा सैल होतो.

लॅपटॉप पाठीवर घेऊ नका. मागच्या कॅरियरला बाजूची पिशवी लावा. पिशवी टाचेला लागत नाही ना, हे पायडल मागे असताना बघा.

एक गोष्ट मात्र तुम्ही पत्रात लिहिलीच नाही : सायकल रात्री कुठे राहणार आणि ऑफिसात कुठे? अशी सायकल २० किलोच्या आसपास भरते. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टमध्ये ती मावत नसेल, तर वर लिहिलेलं सगळं विसरा आणि हलकी नवी घ्या. मी हे अनुभवाने लिहिते. माझी पहिली सायकल रस्त्यामुळे सुटली नाही, जिन्यामुळे सुटली.

प्रश्न : नवी सायकल घेते आहे. पुढे शॉकर असलेली, जाड नक्षीच्या टायरची सायकल दुकानदार सुचवतो. रस्ता खड्ड्यांचा आहे. घेऊ का?

उत्तर : नको. त्या किमतीतला शॉकर म्हणजे बहुतेक वेळा दोन जड नळ्यांत एक स्प्रिंग. वर्षभरात तो एक तर अडकतो, नाहीतर खडखडतो, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमचा जोर खाऊन खालीवर होतो. खड्डे खायचं काम रुंद टायरना द्या : ४० ते ४७ मिलिमीटर रुंद, नक्षी जवळपास गुळगुळीत. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी भरायची नसते, त्याहून बरीच कमी चालते. फक्त खड्ड्यात रिम आपटण्याइतकी कमी नको. मागे पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, कारण वजन मागे असतं. दुकानात एवढंच विचारा, की या टायरवर पूर्ण लांबीचे मडगार्ड बसतात का आणि कॅरियरच्या बोल्टला फ्रेमवर भोकं आहेत का. "बसवून देऊ, क्लिप मारू" असं उत्तर आलं तर पुढची सायकल बघा. मडगार्ड बसवल्यावर हँडल वळवून पायाचं बोट पुढच्या मडगार्डला लागत नाही ना, हेही बघा. मी नव्या सायकलीवर हे बघितलं नव्हतं. पहिल्याच वळणावर समजलं.

प्रश्न : ऑफिस ९ किलोमीटर. पोचेपर्यंत घामाघूम होतो. हलकी रेसिंगची सायकल घेतली तर घाम कमी येईल का?

उत्तर : तुम्ही ती आणखी जोरात पळवाल, एवढंच होईल. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी १८ वरून २२ वर गेलात तर त्यासाठी जवळपास १.८ पट ताकद लागते, आणि ९ किलोमीटरमध्ये वाचतात साडेपाच मिनिटं. ती साडेपाच मिनिटं मग ऑफिसच्या पंख्याखाली वाळण्यात जातात. दहा मिनिटं आधी निघा आणि शेवटचा किलोमीटर रमतगमत जा. पिशवी पाठीवरून कॅरियरवर आणा. पाठीचा घाम निम्मा तिचाच असतो.

प्रश्न : चेन सारखी पडायची म्हणून नवी टाकली. आता पडत नाही, पण जोर लावला की दातांवरून घसरते आणि पाय सुटतो. दुकानदाराने खराब चेन दिली का?

उत्तर : चेन निर्दोष आहे. जुनी चेन झिजून लांबली होती आणि तिने मागचे दातही आपल्या मापाचे करून घेतले होते. नवी चेन त्या झिजलेल्या दातांत बसत नाही. मागचं फ्रीव्हील बदला.

पुढच्या वेळी हे टाळायला स्टीलची पट्टी वापरा. चेनच्या पिना अर्ध्या इंचावर असतात. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं तर २४ अंतरांनंतरची पिन बरोबर ३०४.८ मिलिमीटरवर हवी. ती ३०६.४ च्या आसपास गेली की चेन बदलायची, दात वाचतात. ३०८ वर गेली तर चेन आणि दात दोन्ही. चेन ताणून धरून मोजा, लोंबती नको.

पण एक शंका फिटवून घ्या. घसरताना कधी पायडल पुढे रिकामंच फिरतं आणि चेन दातांवर उडी मारतच नाही, असं होतं का? मग दोष चेन-दातांचा नाही. फ्रीव्हीलच्या आत जे दोन छोटे खटके असतात, ज्यांना आम्ही कुत्रे म्हणतो, ते घाणीत चिकटले आहेत. त्याचंही औषध नवं फ्रीव्हीलच, पण निदान चेनला शिव्या देऊ नका.

प्रश्न : काकू, पहिल्या पगारातून जुनी सायकल घेतली. डावं पायडल बदलायचंय पण निघत नाही. पान्ह्याला पाइप लावून मी आणि मित्र दोघं लोंबकळलो. आता काय, कापायचं का?

उत्तर : अरे बाबा, थांब. तुम्ही दोघं ते आणखी घट्ट करताय. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. १५चा पान्हा वरच्या बाजूला उभा धर आणि मागच्या चाकाकडे ओढ. दोन्ही पायडलना हाच नियम : मागे ओढलं की सुटतं, पुढे नेलं की आवळतं. नवं बसवताना एक्सलच्या टोकावर डावं-उजवं खुणावणारं अक्षर बघ, आट्यांना ग्रीस लाव आणि पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी दे. बोटांनी जात नसेल तर तिरकं लागलंय, काढून परत लाव. जोराने घातलंस तर दांड्याचे आटे जातील.

उलटे आटे का, हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. पेन्सिल मुठीत सैल धर आणि तिचं वरचं टोक दुसऱ्या हाताने गोलगोल फिरव. टोक एका दिशेने फिरतं आणि पेन्सिल मुठीत हळूहळू उलट्या दिशेने वळते. पायाच्या दाबाखाली पायडलचा एक्सल दांड्यात असाच सरकतो. डावीकडे साधे आटे असते तर ऑफिसला पोचेपर्यंत पायडल हातात आलं असतं.